पलीकडचं चाक

माझ्या पोटाबद्दल लिहायला बसले आहे हे कळल्यावर सून म्हणाली, "आत्याबाई, लिहाले दुसरं काई नाई का? देवाधर्माचं लिवा." मी म्हटलं, देवाधर्माचं लिहिणारे ढीगभर आहेत, माझ्या पोटाचं मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार? ती पदर तोंडाला लावून हसत आत गेली. हसू दे. या पोटापायी मी एके काळी इतकी रडले आहे की आता घरातलं कुणी हसलं तर मला बरंच वाटतं.

तर, मला संग्रहणी आहे. थोरला मुलगा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लागली, ती अजून मुक्कामाला आहे. ज्याला नाही त्याला ती सांगून कळत नाही, म्हणून एकदाच सांगते. महिना महिना सगळं ठीक चालतं. मग एखाद्या दिवशी बेंबीपाशी कळ येते, कपाळाला घाम सुटतो, आणि त्यानंतर हातात वेळ किती, तर शंभर आकडे मोजून होतील एवढाच. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा. आठवडाभर माणूस नुसतं चिपाड होऊन पडतं आणि मग आपोआप उठून कामाला लागतं.

औषधं झाली. कारंज्याचे एक म्हातारे हकीमसाहेब होते. त्यांनी माझी नाडी बराच वेळ धरून ठेवली आणि म्हणाले, "बेटी, ये जानेवाली चीज नहीं. इसके साथ जीना सीखो. और घर में बंद मत रहो." त्यांनी ताक, ज्वारीच्या कण्या आणि बेलाचा मुरंबा सांगितला. मिरची बंद, वांगं बंद, हरभऱ्याची डाळ बंद. वऱ्हाडात राहायचं आणि मिरची बंद! मी घरी येऊन अर्धा दिवस रुसून बसले होते, कुणावर ते माझं मलाच माहीत नव्हतं.

त्या काळी, म्हणजे दुसऱ्या लढाईच्या आधीच्या आठ-दहा वर्षांतलं सांगते आहे, बायकांनी बाहेर जायचं ते फटफटायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. दिवसाउजेडी हातात टमरेल घेतलेली सून म्हणजे अख्ख्या गावाला बातमी. घरी माझं निभत असे, कारण सासूबाईंनी गोठ्यामागं कुडाचा आडोसा करून दिला होता. पावसाळ्यात, हिवाळ्यात कुठं जाणं झालं तरी वाटेनं तूर, ज्वारी, पऱ्हाटी म्हणजे कपाशी उभी असायची. पण उन्हाळ्यात आमच्याकडची वावरं पाहिलीत का? नांगरून टाकलेली, काळी, सपाट. कोसभर नजर टाकली तर एखादी बाभूळ, आणि तिच्याखाली कुणीतरी बसलेलंच.

आणि आमच्या घरची सगळी मजा उन्हाळ्यातली! चैत्रात रोडगे, वैशाखात आमराईत पाडाचे आंबे, मधेच कधी टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, वेचायला जंगल. त्यात रोडग्यांचा दिवस मोठा. किन्हीराजाच्या बाजूला आमचं गाव, तिथून तीन कोसांवर नदीकाठी आमराईत एक महादेव आहे. त्याच्यापाशी जाऊन गवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, देवाला दाखवायचे आणि झाडाखाली बसून खायचे. सगळ्यात गोड भाग असा की त्या दिवशी रांधायचं पुरुषांनी. कणीक मळायची त्यांनी, रोडगे फिरवायचे त्यांनी, हात पोळून घ्यायचे त्यांनी. बायकांनी सतरंजीवर बसून नुसतं सांगायचं, "जळून राह्यले, पलटवा." वर्षातले बाकीचे सगळे दिवस चुलीचे आणि तो एक माझा, असं मी लग्न झाल्यापासून मनाशी धरून ठेवलं होतं.

आता भासऱ्यांचं सांगायला हवं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. माझ्या नवऱ्यापेक्षा ते वीस वर्षांनी मोठे. सासरे गेल्यापासून घरचा कारभार त्यांच्याकडे. उंच, हाडकुळे, माणसांशी कमी बोलणारे, पण बंडीवर बसले की बैलांशी अखंड बोलणारे. आमच्यात लहान भावाच्या बायकोनं भासऱ्यांपुढं तोंड उघडायचं नाही, पदर डोळ्यांपर्यंत ओढायचा, ते खाकरले की दाराआड व्हायचं. त्यांनीही भावजयीशी बोलायचं नाही. सणाला पाया पडायचं तेही लांबून, जमिनीला हात लावून. मी त्या घरात इतकी वर्षं काढली, त्यांना कण्याभाकरी वाढली, पण त्यांचा चेहरा समोरून नीट पाहिला असेल तो मोजून चार-दोन वेळा. आणि बायकांची बंडी नेहमी तेच हाकायचे. पाठ करून बसत, म्हणून चालत असे.

आजार जडल्याच्या पहिल्याच चैत्रात मी हौसेनं निघाले. बंडीत सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि शेजारच्या तीन-चार बाया. पुरुष पुढं दुसऱ्या बंडीत, गवऱ्या आणि भांडी घेऊन. निम्म्या वाटेवर उघड्या माळावर मला कळ आली. मी दांडा घट्ट धरला. भासऱ्यांना सांगू कशी? त्यांच्यामागं बसून जाऊबाईंना तरी काय सांगू, चार बायांच्या देखत? आकडे मोजत बसले. साठ झाले, सत्तर झाले. शेजारच्या एका बाईनं माझं तोंड पाहिलं आणि माळ दणाणेल अशा आवाजात ओरडली, "अवं, थांबवा बंडी! लहान्या सुनेचं पोट उठलं!"

पुढच्या बंडीतल्या पुरुषांनी सुद्धा माना वळवल्या. दोन्ही बाजूंना नांगरट, झुडूप म्हणून नाही. चार बायांनी एक लुगडं धरून माझ्याभोवती उभं केलं. वारा लागला की ते उडायचं आणि त्या खिदळायच्या. मी परत आले तेव्हा भासरे बैलांच्या तोंडापाशी, आमच्याकडं पाठ करून उभे होते. दोन्ही हात जुवावर टेकलेले, मान खाली, कानशिलं लाल झालेली. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटते आहे. धरणी फाटेल तर बरं, असं मला झालं. त्या दिवशी महादेवापुढं मी काय मागितलं ते लिहीत नाही, पण ते चांगलं नव्हतं.

पुढं वर्षभर विहिरीवर तेच. "लहाने सूनबाई, आज बरं हाय ना पोट?" विचारणारीचा आवाज मधाळ आणि बाकीच्यांचे पदर तोंडात. मी दोन उन्हाळे घराबाहेर पडले नाही. "बाळाले ऊन सोसत नाई," असं सांगायचे. बंडी निघाली की ओट्यावर उभी राहून तिची धूळ खाली बसेपर्यंत बघायचे, मग आत येऊन कुणाचा राग असेल तो भांड्यांवर काढायचे. सासूबाई म्हणायच्या, "तांबे पोचे झाले सारे."

तिसऱ्या चैत्रात जाऊबाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. गोल चेहरा, कमरेवर हात, हट्टी बाई.

"यंदा तुले याच लागते."

"मी नाई येत."

"काहून?"

"तुमाले मालूम हाय काहून."

"मले काई मालूम नाई. लुगडं नेस. मी हावो ना."

गेले. त्यांच्यापुढं माझं काही चालायचं नाही. बंडीत मी मागच्या टोकाला अंग चोरून बसले. आदल्या संध्याकाळपासून पोटात फक्त ताक. गाव सोडून अर्धा कोस झाला असेल नसेल, जाऊबाई म्हणाल्या, "अवं माय, चाक करकरून राह्यलं वाटते."

भासऱ्यांनी लगेच कासरा ओढला. "वंगन घाला लागते. उतरा समदे."

बंडीच्या चाकाला वंगण घालणं म्हणजे काय ते आजच्या पोरांना माहीत नाही. बंडीखाली टेकू लावून तिची एक बाजू उचलायची, खीळ काढायची, चाक आखावरून थोडं बाहेर ओढायचं, बांबूच्या नळ्यातलं काळं वंगण चिंधीनं आत फासायचं आणि पुन्हा सगळं जागच्या जागी. तेवढा वेळ बंडीत कुणी बसू शकत नाही. बाया उतरल्या, कुणी पाय झटकले, कुणी पोरांना पाणी पाजलं, कुणी करवंदीच्या जाळीकडं वळली. जाऊबाईंनी भरलेला तांब्या माझ्या हातात कोंबला. "चाल, पाय मोकये करू." रस्त्याच्या डाव्या अंगाला वाळक्या पऱ्हाट्यांची एक मोठी गंजी रचलेली होती, पुरुषभर उंच. आम्ही तिच्यामागं गेलो आणि आलो. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला तेव्हा कळसुद्धा आलेली नव्हती, पण जाऊन आल्यामुळं जीव भांड्यात पडला.

पुढं नाल्यापाशी पुन्हा वंगण. मग शिंदीच्या बनापाशी पुन्हा. तीन कोसांत चार वेळा! बाया कुरकुरल्या, सासूबाई म्हणाल्या, "अरे, बंडी हाय का रोगी मानूस?" आणि मी मनात म्हटलं, देवा, या बंडीला असाच रोग राहू दे.

त्या दिवशीचं मला अजून सगळं आठवतं. आमराईतला गारवा, कैऱ्यांचा चिकाचा वास, नदीच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झऱ्याचं पाणी, ते इतकं गार की दात शिवशिवले. माझा नवरा धुरानं डोळे पुसत रोडगे उलटत होता आणि आम्ही बाया त्याला नावं ठेवत होतो. सगळ्यांनी रोडगा चुरून वरण-तूप ओतून हाणला, वांग्याची भाजी खाऊन नाक-डोळे पुसले. मी माझ्या कण्या आणि ताक घेऊन आंब्याच्या मुळीवर बसले. तोंडाला पाणी सुटलं, नाही कसं म्हणू? एक रोडग्याचा पापुद्रा, करपलेला, मी मीठ लावून हळूच तोंडात टाकलाच. मग पदर डोक्याखाली घेऊन झोपले. अंगावर पानांतून ऊन पडत होतं. दोन वर्षं ओट्यावरून धूळ बघितलेल्या बाईला आणखी काय पाहिजे?

त्यानंतर मी एकही उन्हाळा चुकवला नाही. आंबे, टेंभरं, रोडगे, सगळं. एकदा रामनवमीला पोहरादेवीला सुद्धा जाऊन आले, रस्त्यात मुक्काम करत. कळ यायची तेव्हा यायचीच, तिला कुणाची भीड नव्हती. पण बंडी आमची अशी गुणाची की अर्ध्या-पाऊण कोसावर थांबायची, आणि जिथं थांबायची तिथं काही ना काही आडोसा असायचा. कधी नाला, कधी शिंदी, कधी कुणीतरी वावराच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली पऱ्हाट्यांची गंजी. मला वाटायचं, लोक किती आळशी, सरपण घरी न्यायचं सोडून वाटेवर टाकतात. माझं नशीब आणि त्या बंडीची खोड, यांचं जमलं आहे असं मी धरून चालले.

भासऱ्यांच्या वंगणाची मात्र गावात चेष्टा व्हायला लागली. "दादाले वंगनाचं याड लागलं." "दादा, घरच्या पाळण्यालेबी घाला." ते ऐकून घ्यायचे. आणि सांगायला लाज वाटते, पण सगळ्यांबरोबर मीही हसायचे. एकदा तर रात्रीचं जेवण वाढताना नवऱ्याला मी म्हटलं, "तुमच्या दादांची बंडी पोहरादेवीले पोचेपर्यंत आमी म्हाताऱ्या होऊ." तो हसला, पण त्याच्या मनाला ते लागलं असावं.

कारण पुढच्या फाल्गुनात त्यानं सुतार-लोहार बोलावून बंडीला नवा लोखंडी आख बसवला. जुना लाकडी आख फोडून चुलीत गेला. दारात उभा राहून तो मिशीला पीळ देत म्हणाला, "आता कारंज्यापावतर वंगनाचं नाव नाई!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "जुना आख काय वाईट होता?" मी म्हटलं.

"तूच तं हसत होतीस!"

"मी हसते तुमी ते ऐकता कायले? येरवी कधी ऐकता का?" मी ताडकन बोलले आणि आत येऊन रडले. तो बिचारा चक्रावून गेला. बायकोसाठी आख बसवला आणि बायको रडते. पण त्याला सांगणार काय? माझी मजा त्या जुन्या लाकडी आखाच्या करकरीवर चालली होती, हे त्याला कसं सांगायचं?

त्या चैत्रात न जाण्याचं मनात होतं. पण सहा-सात उन्हाळे चाखल्यावर घरी बसवेना. दोन दिवस आधीपासून फक्त बेलाचा मुरंबा आणि ताक. देवाला सांगून ठेवलं, एवढी वेळ निभाव. नवरा आख मिरवायला म्हणून मुद्दाम बायकांच्या बंडीत, भासऱ्यांच्या शेजारी येऊन बसला. सकाळी त्यानं स्वतः दोन्ही चाकांना भरपूर वंगण घातलं होतं.

गाव मागं पडलं. पऱ्हाट्यांची पहिली गंजी आली. जाऊबाई म्हणाल्या, "चाक करकरून राह्यलं वाटते."

"वहिनी, आता कायचं करकरते? लोखंडी आख हाय!" नवरा मान वळवून म्हणाला. गंजी मागं गेली. बंडी अशी सुरेख चालत होती, आवाज म्हणून नाही, की मला त्या सुताराला शिव्या द्याव्याशा वाटल्या. नाला गेला. आणि मग ती आली. बेंबीपाशी पिळा पडला, पाठ घामानं भिजली. पुढं सगळा तोच माळ, जिथं माझ्याभोवती लुगडं धरलं होतं. शेजारची तीच बाई माझ्यासमोर बसलेली. मी दांडा धरून मोजायला लागले. वीस. तीस. परत एकदा तसं झालं तर मी या जन्मी घराबाहेर पडणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. चाळीस.

जाऊबाईंनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि खच्चून ओरडल्या, "चाक करकरून राह्यलं म्हनते ना मी!"

भासऱ्यांनी कासरा ओढला. "वंगन घाला लागते. उतरा समदे."

"दादा!" नवरा भडकला. "आज सकायीच घातलं म्या! कायचा आवाज? कोनाले आला?"

"मले आला."

"आमाले काहून नाई आला?"

"तुये कान फुटले. उतर. जा, बैलांसाठी पानी पाहून ये नाल्यातल्या झऱ्यावर."

थोरल्या भावापुढं तो किती बोलणार? बादली घेऊन तणतणत निघून गेला. माळ सुरू व्हायच्या आधीचं शेवटचं शिंदीचं बन डाव्या हाताला होतं. जाऊबाईंनी तांब्या दिला आणि मी कशी पोचले ते माझं मला ठाऊक. ऐंशीपर्यंत आकडा गेला होता.

परत येताना हळू चालत होते. बंडीच्या मागच्या अंगानं आले आणि थबकले. भासरे खाली बसले होते. टेकू लावलेला, चाक बाहेर ओढलेलं. नवा आख सकाळच्या वंगणानं नुसता तकतकत होता. बांबूचा नळा बंडीखाली तसाच टांगलेला, त्याचा बोळा सुद्धा काढलेला नव्हता. आणि ते कोरडी, स्वच्छ चिंधी त्या आखावरून सावकाश फिरवत होते, हात कशाला तरी गुंतवावा तशी.

मग मला चाक दिसलं. उजवं चाक. आम्ही डावीकडं गेलो होतो. आणि एकदम मागचे सगळे उन्हाळे डोळ्यांपुढून गेले. नाला उजवीकडं होता तेव्हा डावं चाक. गंजी डावीकडं तेव्हा उजवं. चाक नेहमी पलीकडचं! इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी आडोशाच्या बाजूचं चाक काढलं नव्हतं. जो बाप्या मदतीला यायचा, तोही त्यांच्याबरोबर आडोशाकडं पाठ करूनच बसायचा.

जाऊबाई माझ्या मागं उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "आता समजलं व्हय तुले? भल्ली हुशार हायेस."

मी त्यांचा हात धरून त्यांना बाजूला नेलं. त्या सांगायला लागल्या. माळावरच्या त्या दिवशी भासरे घरी येऊन जेवले नव्हते. बायकोला म्हणाले होते, "लेकराची इज्जत माया बंडीत गेली." दोन वर्षं मी घरी बसले तर तेच जाऊबाईंच्या मागं लागले, तिला आण म्हणून. "म्या म्हटलं, तिले सांगू का बंडी थांबवता म्हनून? तं म्हनाले, नको सांगू, तिले लाज वाटन. चाकाले सांगू देजो." आणि प्रत्येक खेपेला निघायच्या आदल्या दिवशी ते ती वाट पायी चालून यायचे. जिथं आडोसा नसेल तिथं स्वतः पऱ्हाट्या वाहून गंजी रचायचे. त्या आळशी लोकांच्या गंज्या!

मला रडू आवरेना. ते तिथं बारा हातांवर होते. मी जाऊन दोन शब्द बोलावेत, नाहीतर पायांवर डोकं तरी ठेवावं, इतकं सोपं होतं, आणि तेवढंच मला करता येत नव्हतं. त्यांनी पायांचा आवाज ऐकला, खाकरले आणि न वळता खीळ ठोकायला लागले. मी पदर ओढला आणि बंडीत जाऊन बसले. त्या दिवशी रोडग्यांना मी हात लावला नाही, पण जन्मात इतकं पोट भरलेलं मला आठवत नाही.

त्यानंतर दर चैत्रात मी माझ्या जुन्या मऊ लुगड्याच्या चिंध्या धुऊन, घडी करून वंगणाच्या नळ्याला बांधून ठेवायला लागले. मला दुसरं काय करता येणार होतं? त्यांनी ते ओळखलं की नाही कोण जाणे. आषाढात बघितलं तर बहुतेक चिंध्या तशाच कोऱ्या असायच्या, आणि ते पाहून मला एकटीला हसू यायचं.

अशीच आठ-नऊ वर्षं गेली. सासूबाई गेल्या. मग एका हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन जाऊबाई गेल्या, आणि आमच्या घरातला मोठा आवाज बंद झाला. बंडी माझा नवरा हाकायला लागला. दुसऱ्या चैत्रात रोडग्यांची बोलणी निघाली तर भासरे ओट्यावरूनच म्हणाले, "तुमी जा. माया जिवाले आता ऊन सोसत नाई."

नवऱ्याला वाटलं, वहिनी नाहीत म्हणून मन लागत नसेल. मी दाराआड उभी होते. ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. दोन उन्हाळे मी तेच म्हटलं होतं. आणि गेल्या काही महिन्यांत मी आणखी काही पाहत होते. जेवायच्या आत तीनदा उठून गोठ्यामागं जाणं. किन्हीराजाचा बाजार बंद. दुपारचं पाणी पिणं बंद. धोतर दिवसातून दोनदा वाळत पडायला लागलेलं. म्हाताऱ्या माणसाला लघवी आवरत नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण मी कोणत्या तोंडानं सांगणार?

नवऱ्याला म्हटलं, "अजी, त्यायले घेतल्याबिगर मी बंडीत पाय ठेवत नाई."

"म्हाताऱ्या मानसाले कायले तान देतं?"

"तुमी जाऊन एवढंच सांगा. लहानी सून म्हनते, चाकाकडे पाहाले कोनीतरी पाह्यजे."

तो गेला. मी फटीतून पाहत होते. भासऱ्यांनी निरोप ऐकला. मग हात लांब करून त्यांनी खुंटीवरचा फेटा मागितला.

बंडीत ते मागच्या टोकाला बसले, अंग चोरून, माझ्या जुन्या जागी. मी पुढं, पदर ओढून. पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडं. पऱ्हाट्यांची गंजी होती ती मागं गेली (ती मी आदल्या दिवशी गड्याकडून रचून घेतली होती). नाला गेला. शिंदीचं बन दिसायला लागलं तसा त्यांचा हात दांड्यावर आवळला. बोटांची पेरं पांढरी झाली. ते बंडीतून बाहेर, लांब कुठंतरी बघत होते. ते मोजत होते, मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

वीस-बावीस वर्षांत मी त्यांच्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. मग मी जाऊबाईंसारखीच खच्चून ओरडले, "चाक करकरून राह्यलं!"

सगळी बंडी चमकली. नवरा म्हणाला, "अवं, लोखंडी आख..." आणि माझं तोंड पाहून थांबला.

"कोनतं?" त्यानं विचारलं.

बन डावीकडं होतं. "उजवं," मी म्हटलं. "वंगन घाला लागते. उतरा समदे."

सगळे उतरले. नवऱ्यानं टेकू लावला, पुढच्या बंडीतले दोघे बाप्ये येऊन त्याच्याबरोबर उजव्या चाकापाशी बसले. मी भरलेला तांब्या बंडीच्या मागच्या टोकाला ठेवला आणि पाठ करून उभी राहिले. काठीचा आवाज शिंदीकडं गेला. थोड्या वेळानं परत आला.

ते बंडीत चढले नाहीत. बैलांच्या तोंडापाशी जाऊन त्यांनी जुवावर हात टेकला आणि तांबड्या बैलाच्या मानेवरून हात फिरवत, त्याच्याशीच बोलावं तसं म्हणाले, "आवाज मलेबी आला होता."